आशा म्हणजे हो नव्हे

जानेवारी सरत आला तरी डोरकस सभेला आली नव्हती, आणि खिडकीखालच्या तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलंही नव्हतं.

तसं पाहिलं तर स्केलबेकच्या सभाघरात कुणाची जागा ठरलेली नाही. तिथं वेदी नाही, पाद्री नाही, घंटा नाही, मेणबत्ती नाही. चुना दिलेल्या चार भिंती, समोरासमोर मांडलेली बाकं, मधे एक टेबल. रविवारी सकाळी यावं, मिळेल तिथं बसावं आणि तासभर मुकाट्यानं आतल्या उजेडाची वाट पाहावी. कुणाला आतून शब्द आलाच तर त्यानं उभं राहून तो बोलावा. नाही आला तर तेही बरं. पण एकच बाई लग्न होऊन खोऱ्यात आल्यापासून एकाच बाकावर गप्प बसत आली, की बाकाचं लाकूडसुद्धा तिच्या वळणाचं होतं. डोरकस ॲल्डरसनचं बाक तसं झालं होतं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई आणि तिच्याएवढंच म्हातारं बाक, दोघं एकमेकांना टेकून बसलेली दिसायची.

हेस्टर मेटकाफ दर रविवारी मनाशी ठरवायची, आज तिकडे बघायचं नाही. आणि तासभर तिकडेच बघत राहायची.

हेस्टर या सभेची कारकून होती. क्वेकर पंथाच्या या ख्रिस्ती लोकांत मोठ्यात मोठा हुद्दा म्हणायचा तर हाच, कारकुनाचा. आणि त्याला ना खुर्ची उंच, ना शब्दाला जास्तीचं वजन. कारकुनानं ऐकायचं. माणसं बोलतात ते ऐकायचं, बोलत नाहीत ते त्याहून नीट ऐकायचं, सगळ्यांच्या मनाचा कल कुठं वळतोय ते पाहायचं, आणि तिथल्या तिथं एक नोंद लिहून वाचून दाखवायची. इथं हात वर करून मतं घेत नाहीत. एक जरी मन अडलं तरी सगळ्यांनी थांबायचं. हेस्टरनं अर्धं आयुष्य या खोऱ्यात टपाल वाटलं होतं. कुठल्या दारामागं कोण रडतंय, कोण रुसलंय, हे तिला फाटकाच्या कडीवरून कळायचं. म्हणून तर मंडळींनी तिला कारकून केलं होतं.

आणि तिनं लिहिलेल्या एका नोंदीपासूनच हे सगळं सुरू झालं होतं.

सभाघरामागच्या खोपटात तेलावर चालणारा एक बॉयलर होता. वय झालेला, खोकला लागलेला. सभा शांत बसली की हा भिंतीपलीकडून घरघरायला लागायचा, आणि जी काही ऊब द्यायचा ती जाड दगडांनी आणि उंच छपरानं कधीच माळावर सोडून दिलेली असायची. पानगळीतल्या कामकाजाच्या सभेत टॅम्सिन उभी राहिली. मंडळीतली ती सगळ्यांत तरुण. खालच्या गावात शाळेत विज्ञान शिकवायची आणि दोन बस बदलून सभेला यायची.

"मला टोचणी लागलीये," ती म्हणाली.

टोचणी हा या लोकांत साधा शब्द नव्हे. मनात आलं आणि बोलून टाकलं, ती टोचणी नव्हे. जी दिवसा काम करू देत नाही, रात्री पाठ टेकू देत नाही, ढकलली तरी जात नाही, आपली नसून कुणीतरी आपल्या ओटीत घातलीये असं वाटतं, ती टोचणी. ती कुणी मांडली की सगळे मित्र (हे लोक एकमेकांना मित्रच म्हणतात) हात मांडीवर ठेवून ऐकतात.

"आपण दफनभूमीतलं गवत फुलांचं बी पडेपर्यंत कापत नाही," टॅम्सिन म्हणाली. "एनॉकनं माळावरचे चर बुजवले, पाणी दलदलीत मुरावं म्हणून, आता तिथं टिटव्या परत आल्यात. एका गाडीत पाच जण कोंबून येतो आपण. आणि मग इथं बसतो, सृष्टी देवाची आहे म्हणतो, आणि मागं ते धूड तेल पीत असतं. मला त्याच्या आवाजापुढं दुसरं काही ऐकूच येत नाही."

"तो आवाज होय?" एनॉक केअरटन म्हणाला. "मी समजत होतो माझं पोट बोलतंय."

मंडळी हसली. एनॉक मेंढपाळ; अंगानं आडवा, आवाजानं मऊ. हसू विरल्यावर तोच हळू म्हणाला, "आपल्या वाडवडलांनी साखर सोडली होती. गुलामांच्या घामाची म्हणून. तोंड वाकडं करत कडू चहा प्यायले, पण सोडली. आपल्याला ऊब सोडता येईल."

हेस्टरनं लिहिलं, की या हिवाळ्यापासून बॉयलर पेटवायचा नाही. लोकर पांघरू, जवळ जवळ बसू. नोंद वाचून तिनं विचारलं, "मित्रांनो, पटतं?"

"आशा आहे," टॅम्सिन म्हणाली.

"आशा आहे," एनॉक म्हणाला.

"आशा आहे," खिडकीखालून डोरकस म्हणाली.

या सभेत होकार असाच देतात. 'हो' म्हणत नाहीत. आपण ऐकलं ते बरोबरच ऐकलं, वाट दिसली ती वरूनच दिसली, असं छातीठोकपणे सांगणारे आपण कोण? म्हणून आशा. सगळीकडून आशा आल्या, हेस्टरनं खाली सही केली, आणि घरी जाताना तिला चढ चढल्यासारखा वाटलाच नाही.

आणि खरंच, बॉयलर गप्प झाला आणि सभेला आवाज फुटले. दाराखालच्या ओढ्याचा आवाज, छपरावरून घसरणाऱ्या बर्फाचा आवाज, कुंपणावर पाय बदलणाऱ्या कावळ्याचा आवाज. एनॉकच्या मेंढ्यांची लोकर विणून घोंगड्या झाल्या, घोंगडीला घोंगडी लागली, माणसाला माणूस लागलं. तोंड उघडावं तर शब्दाआधी वाफ बाहेर पडायची. गावातल्या दारूगुत्त्यात त्यांना गोठलेले मित्र म्हणायला लागले, आणि मित्रांनाही ते नाव आवडलं. हेस्टरला वाटायचं, इतकी भरलेली शांतता आपण कधी ऐकलीच नव्हती.

फक्त त्या शांततेला एक भोक पडलं होतं. पहिल्या गार रविवारी डोरकस आली. त्यानंतर आलीच नाही. तिचे निरोप यायचे. मांजराला बरं नाही. वाट निसरडी आहे. भाची आलीये. डोरकस खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. या लोकांत खोटं तोंडातच मावत नाही. मांजर खरंच ओकत होतं, वाट खरंच निसरडी होती, भाची खरंच आली होती. पण खरं सांगणं आणि सगळं सांगणं यांच्यामधे एक फट असते, आणि त्या फटीतून हेस्टरला वारा लागत होता. या वयात एक हिवाळा सभेवाचून गेला, तर पुढचा हिवाळा हाताला लागेलच असं कुणी सांगावं?

शेवटी एका दुपारी ती डोरकसच्या घराचा चढ चढून गेली.

"दार लोट!" आतून आवाज आला. "आणि पाय पूस. ऊब काय वाऱ्याला वाटायची आहे?"

डोरकसचं स्वयंपाकघर म्हणजे अख्खं घरच. मधे लांबलचक टेबल, भिंतीशी बिडाची जुनी काळी चूल, चुलीवरच्या दांडीला ओटच्या भाकऱ्या वाळत टाकलेल्या. चुलीत वादळानं पाडलेली लाकडं जळत होती. मांजर सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर पसरलं होतं.

"मांजर कसंय?" हेस्टरनं विचारलं.

"ते काय बसलंय. त्यालाच विचार."

"बरं दिसतंय."

"बरंच आहे. तू मांजर बघायला चढ चढलीस?"

"नाही."

"मग ओक काय ते."

या मंडळीत अहो-जाहो नाही. राजापुढं टोपी काढणार नाही आणि कुणाला 'आपण' म्हणणार नाही म्हणून त्यांच्या वाडवडलांनी तुरुंग पाहिले होते. त्यामुळे लहानथोर सगळे 'तू'. आणि म्हणूनच त्या 'तू'मधे मऊ कुठला आणि धारदार कुठला, ते कानाला लगेच कळतं. हा धारदार होता.

"तू सभेला येत नाहीस," हेस्टर म्हणाली.

"म्हातारी झाले."

"म्हातारी तू मी टपालाची पिशवी उचलली तेव्हापासून आहेस. दुसरं काहीतरी सांग."

"चहा पितेस?" असं म्हणून डोरकस उठली, आणि दूध आणायला मागच्या गार कोठीत गेली. गेली काय आणि आली काय, पण परत आली तेव्हा तिची बोटं मेणाची झाली होती. नखांपासून पेरांपर्यंत पांढरी, जशी तिची नाहीतच, कुणी उसनी लावलीत. दुधाचं भांडं टेबलापर्यंत पोचण्याआधीच कलायला लागलं. हेस्टरनं झटकन ते धरलं.

डोरकसनं हात चुलीपुढं धरले. रक्त परत येताना तिचा खालचा ओठ दातांखाली गेला.

"कधीपासून?"

"झाले काही हिवाळे. गार लागलं की रक्त पळून जातं. परत येतं तेव्हा सुया घेऊन येतं. मरत नाही कुणी त्यानं. डॉक्टर म्हणतो, उबेत राहा. एवढं शिकून एवढंच."

"डोरकस..."

"आता विचारलंस तर ऐक. त्या पहिल्या गार रविवारी मी बसले होते. उजेडाची वाट बघायला बसले होते, आणि वाट कशाची बघत होते? घड्याळाची. कधी संपतंय, कधी संपतंय. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग म्हटलं, नुसतं अंग नेऊन बाकावर ठेवण्यापेक्षा घरी बसावं. ते तरी खरं."

"पण मी नोंद वाचली तेव्हा तू आशा आहे म्हणालीस. मी ऐकलं."

"आशाच म्हणाले. हो कुठं म्हणाले?"

"डोरकस!"

"ओरडू नकोस, मांजर उठेल. मला खरंच आशा होती. म्हटलं, बाकीच्यांना जमतंय तर आपल्यालाही जमेल. नाही जमलं. आशा म्हणजे हो नव्हे, बाई. तूच कारकून, तुला कळायला नको?"

"मग अडवायचं होतंस! एक शब्द बोलली असतीस तर आम्ही थांबलो असतो."

"म्हणून तर बोलले नाही." डोरकसचा आवाज एकदम खाली आला. "त्या पोरीची टोचणी खरी होती. मी तिचा चेहरा पाहिला. अशी टोचणी मला तरुणपणी एकदा लागली होती, तेव्हा कुणी माझ्या वाटेत बोटं घातली नाहीत. मी तिच्या घालणार नाही."

"मग आम्ही इथं येतो. आजारी मित्राच्या घरी सभा भरवायची आपली पद्धतच आहे."

"मी आजारी नाही!" मांजर उठलंच. "दया घेऊन याल तर आतून कडी लावीन. आणि माझ्यासाठी ते धूड पेटवलंत, तर त्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही. आणि माझ्या बोटांची कुठं नोंद केलीस ना हेस्टर, तर बघ. आता चहा पी. गार झाला."

उतरताना हेस्टरच्या पायाखाली बर्फ करकरत होता. बोलायचं तर डोरकसचा शब्द मोडतो. गप्प बसायचं तर ती नोंद तशीच राहते, आणि ती नोंद खरी नाही. चुकीच्या दारात टाकलेल्या पत्रासारखी ती कुठंतरी पडून आहे, आणि सही आपली आहे. बॉयलर पेटला तर टॅम्सिनची टोचणी विझणार. न पेटला तर खिडकीखालचं बाक असंच रिकामं राहणार. ओढ्याच्या काठानं चालताना तिनं देवाला उत्तर विचारलं नाही. नीट ऐकायला येऊ दे, एवढंच मागितलं.

फेब्रुवारीतल्या कामकाजाच्या सभेला मंडळी जमली, घोंगड्या पसरल्या, आणि दार उघडून डोरकस आत आली. अंगात एकावर एक तीन कोट, हात मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत खुपसलेले. कुणाकडे न बघता ती आपल्या बाकावर जाऊन बसली, आणि मग बघितलं ते थेट हेस्टरकडे. कुत्र्यानं मेंढरांवर नजर ठेवावी तसं.

थोडा वेळ शांत बसून हेस्टर उभी राहिली.

"मित्रांनो, पानगळीत मी बॉयलरची नोंद लिहिली. ती कच्ची होती. सभेचा कल मी ऐकला असं मला वाटलं, पण मी पुरता ऐकला नव्हता. ती सगळ्यांची नोंद म्हणून राहू द्यायला माझं मन घेत नाही. याहून जास्त मला बोलता येत नाही."

डोरकसचे डोळे बारीक झाले. टॅम्सिनचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो परत पेटवायचा?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? कुणाला थंडी वाजते का? सरळ सांगा ना! मी आणखी घोंगड्या आणीन, गरम पाण्याच्या पिशव्या आणीन..."

"टॅम्सिन," एनॉक म्हणाला, "श्वास घे. घेतलेला दिसतोसुद्धा इथं."

कुणी हसलं नाही. शांतता पसरली, पण ती नेहमीची शांतता नव्हती. गाठ बसलेल्या दोऱ्यासारखी होती, ओढावी तितकी घट्ट. हेस्टर लेखणी हातात धरून बसून राहिली. मग एनॉकनंच घसा खाकरला.

"मला काही मोठं सांगायचं नाही. आमची नेल तुम्हाला माहीत आहे. लहान पिल्लू होती तेव्हापासून या बाकाखाली झोपत आली. तुमच्यातल्या कितीकांहून सभेला जास्त नेमानं आलीये. आज सकाळी दारापर्यंत आली, बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत जाऊन चुलीपुढं आडवी झाली. राजीनामा! आता अख्खी चूल तिला एकटीला, आणि मालक इथं दात वाजवतोय. आमच्या दोघांत शहाणं कोण, एवढाच प्रश्न मी सभेपुढं ठेवतो."

या वेळी मंडळी हसली. टॅम्सिन हसली नाही.

"थांब. परत म्हण."

"कुत्रीचं?"

"चुलीचं. तुझी चूल आत्ता पेटलेली आहे?"

"हिवाळ्यात चूल विझवतंय कोण? दगडाचं घर एकदा गार पडलं की परत तापायला वसंत उजाडेल."

"हेस्टर, तुझी?"

"राखेखाली निखारे आहेत. दुपारचं जेवण त्यावरच शिजतंय."

टॅम्सिननं एकेकाला विचारलं. कुणाच्या चुलीवर मटण रटरटत होतं, कुणाची आजारी कोकरासाठी चालू होती, कुणाची नुसतीच नळ गोठू नयेत म्हणून. ती हळूच बाकावर बसली.

"मी या घराचंच गणित करत बसले होते," ती म्हणाली. "हे तापवायचं की नाही तापवायचं. आणि आपल्या सगळ्यांच्या घरी आत्ता रिकाम्या खोल्या तापताहेत. चुली कुणासाठी पेटल्यात? कुत्र्यांसाठी! आणि आपण इथं कुडकुडत सृष्टी वाचवतोय."

"नेलसुद्धा सृष्टीच आहे," एनॉक म्हणाला.

"तू गप्प बस. नाही, बोल. हे घर नव्हतं तेव्हा मित्र कुठं बसायचे?"

"गोठ्यात. स्वयंपाकघरात. पकडले गेले की तुरुंगात."

"मग आपणही जाऊ ना! तुरुंगात नव्हे. जिथं चूल आधीच पेटलीये तिथं. थंडीभर. हे घर राहू दे गार, त्याला काही वाटणार नाही. वसंतात भिंगऱ्या पाखरं परतली की आपणही परत येऊ."

त्या थंडगार खोलीत काहीतरी सैल झालं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणाच्या घरी? एनॉकच्या घरात आता कोकरं येणार, पाय ठेवायला जागा राहणार नाही. टॅम्सिनची भाड्याची एक खोली. हेस्टरच्या चुलीपुढं चार माणसं म्हणजे गर्दी. प्रत्येक जण आपलं आपलं सांगत गेला आणि शब्द हळूहळू खिडकीशी येऊन थांबले. खोऱ्यातलं सगळ्यांत मोठं टेबल कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी म्हटलं नाही. दुसऱ्याचं दार आपण उघडायची यांची रीत नव्हे.

हेस्टरला कल दिसत होता. नोंद ओठांवर आली होती, हात कागदाकडे गेलाही होता. पण पानगळीतही ती अशीच आली होती, अशीच गोड. तिनं लेखणी खाली ठेवली.

"सभेतलं एक मन अजून बोललेलं नाही," ती म्हणाली. "मी थांबते."

आणि मंडळी थांबली. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, कुणी मान वळवून खिडकीकडे बघितलं नाही. पाय बधिर झाले, नाकाचे शेंडे लाल झाले, तरी कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या मनाला वाट फुटावी म्हणून माणसं तिथं नुसती बसून राहिली. हेस्टरला वाटलं, माळावर पाणी मुरू देतात ते असंच. ओढून नेत नाहीत, थांबतात.

डोरकस उभी राहिली. पिशवीतून तिनं हात बाहेर काढले आणि पुढं धरले.

"ही बघा," ती म्हणाली. पिशवीतही बोटं पांढरीच राहिली होती. "कारकुनानं चुगली केलेली नाही. मीच सांगतेय. मी आशा आहे म्हणाले आणि आशेच्या मागं दडून बसले. सभेत दडायचं नसतं. माझं चुकलं."

टॅम्सिनचे डोळे भरून आले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तुझी टोचणी गिळली असतीस. ती गिळायची वस्तू नव्हे, पोरी. आता रडू नकोस, गालावर गोठेल. ऐका सगळे. माझ्या स्वयंपाकघरात सासूच्या काळी मेंढ्या कातरणाऱ्यांची अख्खी पंगत बसायची. तुम्ही सगळे मावाल. पण मला बघायला यायचं नाही. सभेला यायचं."

"तुला कोण बघायला येतंय?" टॅम्सिन नाक पुसत म्हणाली. "मी चुलीला बघायला येणार आहे."

"मी भाकऱ्यांना," एनॉक म्हणाला.

"तू आधी पाय पूस. गेल्या खेपेचं शेण अजून निघालं नाही."

हेस्टरनं नोंद लिहिली. थंडी असेतो सभा तिथं भरेल जिथं चूल आधीच पेटलेली असेल. नव्यानं काही पेटवायचं नाही. वाचून दाखवताना तिनं एकेक तोंड नीट न्याहाळलं, आणि शेवटचं तोंड खिडकीखालचं होतं. त्यावर राग होता, थोडी लाजही होती, पण दडलेलं काही नव्हतं. तेव्हाच तिनं सही केली.

पुढच्या रविवारी मंडळी चढ चढून गेली. काही गाडीत कोंबून, बाकीची चालत. खुर्च्या कमी पडल्या. एनॉक पालथ्या बादलीवर बसला. नेलनं राजीनामा मागं घेतला आणि चुलीपुढची जागा धरली. मांजरानं तिला एकदा पाहिलं, आणि अपमान गिळून टॅम्सिनच्या मांडीवर गेलं. भाकऱ्यांखाली, लोकरीच्या ओल्या वासात, मोठ्या पातेल्यात जवाची कांजी शिजत होती. कुणीतरी शेवटचं खाकरलं, आणि शांतता उतरली.

ती सभाघरातल्यासारखी पांढरीशुभ्र नव्हती. तिच्यात किटलीचा सूर होता, लाकडांची कुजबुज होती. खिडकीतून खाली दूरवर सभाघर दिसत होतं, बर्फात बुडालेलं, कुलूपबंद, धुराची एक रेघही नाही. त्याच्या छपराखाली वटवाघळं झोपली असतील. हेस्टरला त्याची कणव आली नाही. तेही विसावा घेत होतं.

मग तिला दुसराच एक आवाज ऐकू आला. बारीक, संथ, वर चढणारा आणि खाली येणारा. डोरकस घोरत होती. भिंतीला मान टेकलेली, तोंड अर्धं उघडं, हात मांडीवर मोकळे पडलेले. बोटांच्या टोकांवर गुलाबी रंग होता.

सभा संपते ती शेजाऱ्याच्या हातात हात देऊन, आणि तो पहिला हात द्यायचं काम एनॉकचं. वेळ झाली. हेस्टरनं पाहिलं, गुडघ्यावरून त्याचा हात उचलला गेला, अर्ध्या वाटेवर त्याची नजर डोरकसवर पडली, आणि हात परत गुडघ्यावर गेला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. कांजी करपायच्या बेताला आली, तशी टॅम्सिन मांजर खाली न ठेवताच मोज्यांच्या पावलांनी उठली, एका हातानं पातेलं कडेला सरकवलं, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसली. चुलीत एक लाकूड खाली बसलं. सभा चालू राहिली.